अल्कीनच्या समावेशन अभिक्रिया : हायड्रोजन ब्रोमाइडचा घोळ

एथिलीन आणि क्लोरीन एकत्र आले की तेलकट द्रव तयार होतो, हे 1795 मध्येच हॉलंडमधल्या चार रसायनशास्त्रज्ञांनी नोंदवले होते. अल्कीनचे, म्हणजे एथिलीनसारख्या कार्बन-कार्बन द्विबंध असलेल्या संयुगांचे, 'ओलेफिन' हे जुने नाव त्या तेलावरूनच पडले. पुढे निकेल वापरून हायड्रोजन जोडता येऊ लागला आणि तेले घट्ट करण्याचा मोठा उद्योग उभा राहिला. समावेशनाची, म्हणजे द्विबंध उघडून त्याच्या दोन टोकांना नवे अणू जोडण्याची, खरी समज मात्र वेगळ्याच प्रश्नावरून वाढली: द्विबंधाची दोन टोके सारखी नसतील, तर कोणता अणू कुठे बसणार?

रशियन रसायनशास्त्रज्ञ मार्कोव्हनिकोव्हचा नियम 1870 च्या सुमाराचा. द्विबंधाच्या ज्या कार्बनवर हायड्रोजन आधीच जास्त, नवा हायड्रोजनही तिथेच जातो. नियम मोजक्या निरीक्षणांवर बेतलेला होता आणि असे का घडते हे सांगायला तेव्हा इलेक्ट्रॉनचाही शोध लागलेला नव्हता. तरीही तो पाठ्यपुस्तकांत कायद्याच्या थाटात जाऊन बसला.

त्याला सुरुंग लावला हायड्रोजन ब्रोमाइडने. अल्कीन तेच, अभिक्रियाकारक तोच. पण एकाला ब्रोमीन नियमाप्रमाणे आतल्या कार्बनवर मिळे, दुसऱ्याला टोकाच्या, तिसऱ्याच्या हाती दोन्हींचे मिश्रण येई. कोणी द्रावकाला दोष दिला, कोणी प्रकाशाला. हा वाद कित्येक वर्षे चालला.

उलगडा 1933 मध्ये झाला, तोही साध्या काटेकोरपणामुळे. अलाइल ब्रोमाइड आणि हायड्रोजन ब्रोमाइड सीलबंद नळीत, हवा पूर्ण काढून, अंधारात ठेवले. अभिक्रिया पुरी व्हायला दहाएक दिवस लागले आणि नियमाप्रमाणे 1,2-डायब्रोमोप्रोपेन मिळाले. पेरॉक्साइड (ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांना जोडलेले संयुग) घातले तर काही तासांतच काम झाले आणि हाती आले 1,3-डायब्रोमोप्रोपेन, म्हणजे नवा ब्रोमीन टोकाच्या कार्बनवर. म्हणजे गुन्हेगार बाटलीतच होता. हवेत राहिलेल्या अल्कीनमध्ये किंचित पेरॉक्साइड आपोआप तयार होते, आणि तेवढे पुरते. इतक्या लोकांनी इतकी वर्षे हवेकडे लक्ष दिले नाही, हे आजही खटकते.

पेरॉक्साइड असताना ब्रोमीनचा मुक्त मूलक (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेला अणू) आधी टोकाच्या कार्बनला चिकटतो आणि हायड्रोजन नंतर येतो. एरवी हायड्रोजन आधी जोडला जातो आणि अधिक स्थिर कार्बोकॅटायन (धन प्रभाराचा कार्बन असलेला आयन) तयार होतो. दोन्हीकडे निवड स्थिर मध्यस्थाचीच, म्हणजे अभिक्रियेत मध्येच क्षणभर तयार होणाऱ्या कणाची. बदलतो तो फक्त पहिला येणारा अणू. हायड्रोजन क्लोराइडमधला बंध फार मजबूत, तर हायड्रोजन आयोडाइडच्या बाबतीत आयोडीनचा अणू द्विबंधाला जोडला जाणेच ऊर्जेच्या दृष्टीने महाग, म्हणून त्या दोघांवर पेरॉक्साइडचा परिणाम दिसत नाही.

माझ्या मते शिकवताना इथेच चूक होते. 'नियमाविरुद्ध समावेशन' असा एकच शिक्का पेरॉक्साइडच्या अभिक्रियेवरही मारला जातो आणि 1950 च्या दशकात आलेल्या हायड्रोबोरेशनवरही (द्विबंधाला बोरॉन आणि हायड्रोजन जोडण्याच्या अभिक्रियेवर). पण हायड्रोबोरेशनमध्ये मुक्त मूलकाचा संबंधच नाही. इलेक्ट्रॉनची ओढ असलेला बोरॉन कमी गर्दीच्या टोकाला जातो आणि हायड्रोजन त्याच टप्प्यात, द्विबंधाच्या त्याच बाजूने शेजारच्या कार्बनवर बसतो. नंतर बोरॉनच्या जागी हायड्रॉक्सिल गट येतो आणि प्राथमिक अल्कोहोल (हायड्रॉक्सिल टोकाच्या कार्बनवर असलेले) मिळते. या कामाला 1979 च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पाणी थेट जोडून, साध्या उत्प्रेरकाने, कोणत्याही अल्कीनपासून तेच अल्कोहोल मिळवण्याचा सोयीचा सर्वसाधारण मार्ग मात्र अजून हाती आलेला नाही.