‘वेगवान भाषा’ या अपेक्षेची पार्श्वभूमी

अमुक प्रोग्रामिंग भाषा वेगवान आणि तमुक मंद, असे आज सर्रास बोलले जाते. या बोलण्यामागची अपेक्षा थेट फोरट्रान या सुरुवातीच्या प्रोग्रामिंग भाषेपासून चालत आली आहे. १९५४ मध्ये आयबीएममध्ये जॉन बॅकस आणि त्यांचे सहकारी ७०४ या संगणकासाठी फोरट्रानचा कंपायलर, म्हणजे भाषेतला प्रोग्राम यंत्राच्या सूचनांत उतरवणारा प्रोग्राम, लिहायला बसले, तेव्हा प्रोग्रामर एकेक सूचना हाताने बेतत असत आणि यंत्राने तयार केलेला कोड त्या तोडीचा असेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. तो कोड हाताने लिहिलेल्या कोडच्या निम्म्याच वेगाने चालला, तर फोरट्रान कोणी स्वीकारणार नाही, अशी धास्ती बॅकस यांना होती. म्हणूनच भाषेच्या रचनेपेक्षा कितीतरी अधिक श्रम कंपायलरवर खर्ची पडले. ७०४ मध्ये इंडेक्स रजिस्टर (मेमरीतले पत्ते काढायला लागणारी वेगवान साठवणस्थाने) तीनच होते. ते कुठे वापरायचे हे ठरवताना प्रोग्रामचा कोणता भाग किती वेळा चालेल, याचा अंदाज कंपायलर यादृच्छिक आकड्यांच्या आधारे बांधत असे, आणि तो भाग लोइस हाइब्ट यांनी लिहिला होता. १९५७ मध्ये फोरट्रान ग्राहकांच्या हाती आली आणि वेगाची कीर्ती भाषेच्या नावावर जमा झाली. माझ्या मते खरा मान कंपायलरचा होता.

पुढे मोजमापातही हीच गफलत होत राहिली. १९८४ मध्ये राइनहोल्ड वायकर यांनी संगणकाचा वेग मोजणारी ड्राइस्टोन ही कसोटी मांडली. तिच्यातल्या स्ट्रिंगची (अक्षरमालिकेची) लांबी आधीच ठरलेली, तीस अक्षरांची; ती ओळखून काही कंपायलर अक्षरामागून अक्षर न हलवता एकदम मोठे तुकडे हलवू लागले, त्यामुळे आकडा वाढला, पण नेहमीच्या कामाचा वेग काही त्या प्रमाणात वाढला नाही. जावाची सुरुवातीची संथ ओळखही मुख्यतः इंटरप्रिटरमुळे, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या सूचनांत न उतरवता एकेक सूचना वाचून चालवणाऱ्या प्रोग्राममुळे, झाली होती. १९९९ मध्ये हॉटस्पॉट, म्हणजे जावाचा कोड चालता चालता यंत्राच्या सूचनांत उतरवणारी यंत्रणा, आल्यावर ती मागे पडायला हवी होती, तरी बराच काळ टिकली.

वेगातला माणसाचा वाटा लुट्झ प्रेशेल्ट यांनी २००० मध्ये पुढे आणला. फोन क्रमांकांचे शब्दांत रूपांतर करणारा एकच प्रोग्राम सात भाषांत अनेकांनी लिहिला, त्याच्या ऐंशी आवृत्त्या त्यांनी ताडून पाहिल्या, आणि एकाच भाषेत लिहिणाऱ्यांमधला फरक बहुतेक वेळा भाषांमधल्या फरकाहून मोठा निघाला.

तरीही २०१७ मध्ये भाषांच्या ऊर्जावापराच्या एका अभ्यासात टाइपस्क्रिप्ट ही भाषा जावास्क्रिप्टच्या कितीतरी मागे दिसली. वास्तविक टाइपस्क्रिप्टचे रूपांतर जावास्क्रिप्टमध्येच होऊन ती चालते. सरासरी मुख्यत्वे एका कसोटीने बिघडवली होती, जिच्यासाठी दोन्हीकडचे प्रोग्राम वेगवेगळ्या पद्धतीने लिहिलेले होते.