सासुरवास ते हिंसाचार : बडोद्यातल्या चर्चासत्रांमागचा इतिहास

सासुरवास हा शब्द मराठीत जुना. जात्यावरच्या ओव्यांत तो पदोपदी येतो, आणि येतो तो नशिबाचा भोग म्हणून. त्या भोगाला कायद्याने गुन्हा म्हणायला १९८३ साल उजाडले. भारतीय दंड संहितेत कलम ४९८अ आले ते तेव्हा. आज बडोद्यात समाजकार्याचे प्राध्यापक, वकील, समुपदेशक, संरक्षण अधिकारी (पीडित बाईला मदत करायला कायद्याने नेमलेले सरकारी अधिकारी) आणि डॉक्टर एकाच सभागृहात बसून कौटुंबिक हिंसाचारावर दोन-दोन दिवस बोलतात. या बोलण्याची मुळे शोधू लागलो, की माझी बोटे इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्याही मागे, संस्थानी काळात जाऊन पोहोचतात.

पहिला धागा बडोद्याबाहेर सापडतो. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, मानववंशशास्त्राचे प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या अभ्यासवर्गात, पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने भारतातल्या जातींवर निबंध वाचला. विद्यार्थी होता भीमराव आंबेडकर, आणि त्याला तिथवर पोहोचवले होते सयाजीराव गायकवाडांनी १९१३ साली दिलेल्या शिष्यवृत्तीने. जातीतल्या जातीतच लग्न करण्याची सक्ती हा जातिव्यवस्थेचा कणा, आणि ती सक्ती टिकवायची तर बाईवर ताबा हवा, असा त्या निबंधाचा गाभा. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही रूढी त्यांनी त्या एका सूत्रात ओवून दाखवल्या. घरातला जुलूम आणि समाजातला अन्याय यांना वेगवेगळ्या खणांत ठेवता येत नाही, हे एका अभ्यासवर्गात मांडले गेले ते असे. पुढच्याच वर्षी ते बडोद्यात नोकरीला आले, राहायला जागा मिळेना, आणि लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना पारशी धर्मशाळेतून बाहेर काढले. त्यानंतर इथल्या कमाटीबाग या सार्वजनिक बागेत त्यांनी ढाळलेल्या अश्रूंची गोष्ट इथे दर वर्षी सांगितली जाते आणि सांगावीच. पण निबंधाची गोष्ट त्यामानाने फारच कमी ऐकू येते, याची मला खंत वाटते.

सयाजीरावांची पद्धत वरून कायदा आणण्याची. १९०४ साली बडोदे संस्थानाने बालविवाहाला बंदी घालून मुलीचे किमान वय १२ आणि मुलाचे १६ ठरवले. लोकांनी काय केले? दंड भरला आणि लग्ने उरकली. लग्नखर्चात दंडाची एक बाब वाढली, एवढेच. ब्रिटिश हिंदुस्थानात शारदा कायदा व्हायला १९२९ साल उजाडले. मग १९३१ मध्ये बडोद्याने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. त्यात नवऱ्याची क्रूरता, सोडून देणे, व्यसन ही कारणे मान्य झाली. याचे मोल कळण्यासाठी पुढचा हिशेब बघावा लागतो. स्वतंत्र भारताच्या १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात क्रूरतेमुळे फक्त न्यायिक विभक्तता, म्हणजे लग्न न मोडता वेगळे राहण्याची कोर्टाची मुभा, मागता येई. क्रूरता हे थेट घटस्फोटाचे कारण झाले ते १९७६च्या दुरुस्तीनंतर. म्हणजे बडोदे संस्थान या एका बाबतीत ४५ वर्षे पुढे होते. पण कायदा असून काय? मार खाणारी बाई कोर्टाच्या पायरीपर्यंत येणार कशी, आली तर तिची हकीकत नीट ऐकणार कोण, हे शिकवणारा वर्ग तेव्हा कुठेही नव्हता. माझ्या मते इथून पुढचा सगळा इतिहास म्हणजे ही रिकामी जागा भरण्याची धडपड आहे.

परिषदा होत होत्या, पण विषय वेगळे. जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. अध्यक्षस्थानी बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई होत्या. चर्चा स्त्रीशिक्षणाची. मारहाणीबद्दल बोलायचे तर आपल्याच घरातल्या पुरुषांबद्दल बोलावे लागले असते, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची.

१९४९ साली संस्थान विलीन झाले आणि त्याच वर्षी महाराजा सयाजीराव विद्यापीठ उभे राहिले. पहिल्या कुलगुरू हंसा मेहता. त्यांचे वडील मनुभाई मेहता बडोद्याचे दिवाण होते. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातल्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकेल असे शब्द होते. त्या जागी ‘सर्व माणसे’ असा शब्दप्रयोग यावा म्हणून संयुक्त राष्ट्रांत भांडणाऱ्या त्याच या हंसाबेन. विद्यापीठाच्या सुरुवातीलाच समाजकार्य विद्याशाखा आली, देशातल्या अगदी पहिल्या काही संस्थांपैकी एक. संसार मोडू नये म्हणून दोघांना समोरासमोर बसवून समजूत घालणे हे त्या काळच्या समुपदेशनाचे मोठे काम. मार हा ‘न जुळण्याचा’ एक प्रकार गणला जाई. आमच्या दांडिया बाजारातल्या वाड्यांत यालाच ‘नांदवून घेणे’ म्हणत. शब्द तेवढे पदवीधर झाले होते.

फरक पडला तो सत्तरीच्या शेवटी. स्त्रियांच्या स्थितीवरच्या राष्ट्रीय समितीचा गाजलेला अहवाल १९७४चा, पण त्यातही हिंसेला स्वतंत्र प्रकरण नव्हते. मथुरा या आदिवासी मुलीवरच्या पोलिस ठाण्यातल्या बलात्काराच्या खटल्यात पोलिसांना सोडून देणारा निकाल, हुंड्यासाठी जाळलेल्या सुना, रस्त्यावरचे मोर्चे यांनी तो विषय अभ्यासकांपुढे आणून टाकला. एप्रिल १९८१ मध्ये मुंबईत एसएनडीटी विद्यापीठात स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली. तिथे कार्यकर्त्या आणि प्राध्यापिका एका मांडवाखाली आल्या. १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या कचेरीत टाटा समाजविज्ञान संस्थेने स्त्रियांसाठी विशेष कक्ष सुरू केला. त्याच वर्षी बडोद्यात ‘सहियर’ ही स्त्री संघटना उभी राहिली. अशा प्रकरणांत कार्यकर्त्या दवाखान्यात आणि पोलिस ठाण्यात पोहोचत, आणि तिथून आणलेले प्रश्न विद्यापीठापुढे ठेवत.

पण बडोद्याने या विषयात खरोखर आपले असे काही दिले असेल, तर ती नारी अदालत. महिला सामाख्या या ग्रामीण स्त्रियांच्या शिक्षणाच्या आणि सबलीकरणाच्या केंद्र सरकारी कार्यक्रमातून १९९५च्या सुमारास बडोदा जिल्ह्यात ती सुरू झाली. तालुक्याच्या गावी, सरकारी कचेरीच्या आवारात, ठरलेल्या दिवशी बायका बसत. न्याय देणाऱ्याही बायकाच, बऱ्याचशा फार न शिकलेल्या, दलित आणि आदिवासी घरांतल्या. जागा मुद्दाम तशी निवडलेली, कारण सरकारी आवाराचा दरारा फुकटात मिळतो. दोन्ही बाजूंना बोलवायचे, ऐकायचे, झालेला करार स्टॅम्प पेपरवर उतरवायचा. कोर्टाची भाषा त्यांनी उसनी घेतली आणि आपल्या कामाला जुंपली. पुढे संशोधकांनी या अदालतींचा अभ्यास केला आणि त्यावरून वाद झडले. इथेही शेवटी बाईला परत नांदायलाच पाठवले जाते का? की मार थांबवण्याची लेखी हमी घेऊन परतणे ही तिचीच मागणी असते? मला दुसरी बाजू अधिक पटते, पण पहिल्या प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते. चर्चासत्रांत आजही सगळ्यात जास्त आवाज चढतात ते याच प्रश्नावर.

१३ सप्टेंबर २००५ रोजी घरगुती हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक अशा चारही प्रकारांना त्याने हिंसा म्हटले. लग्नाच्या बायकोबरोबर बहीण, आई, विधवा भावजय यांनाही दाद मागता येऊ लागली. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातले कलम ११ महत्त्वाचे. पोलिस आणि न्यायसेवेतल्या लोकांसह सरकारी अधिकाऱ्यांना वेळोवेळी संवेदनशीलतेचे प्रशिक्षण देणे हे या कलमाने सरकारचे कर्तव्य ठरवले. जे काम तोवर संघटनांच्या हौसेवर आणि वर्गणीवर चालले होते, ते कागदावर तरी सरकारी झाले. कागदावर म्हणतो ते मुद्दाम. संरक्षण अधिकाऱ्याच्या टेबलावर इतर योजनांच्या फायली असतात, आणि प्रशिक्षणाचा दिवस हजेरीपटावर सही करून संपू शकतो.

संशोधनाची बाजूही याच सुमारास बदलली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने १९९८-९९ मध्ये मारहाणीबद्दल पहिल्यांदा विचारले. २००५-०६ मध्ये सविस्तर प्रश्नावली आली, आणि लग्न झालेल्या ३७ टक्के बायकांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. २०१९-२१ मध्ये हा आकडा सुमारे २९ टक्के होता. मात्र त्याच पाहणीत, हिंसा सोसलेल्यांपैकी ७७ टक्के जणींनी तोवर ना मदत मागितली होती, ना कुणाला काही सांगितले होते. म्हणून आकडा खाली आला की हायसे वाटून घेण्याआधी, प्रश्न कुणी, कुठे आणि कसा विचारला ते बघायची सवय अभ्यासकांना लागली.

त्यासाठी नियमही झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये अशा संशोधनाची नैतिक चौकट मांडली. एका घरातून एकाच बाईला हे प्रश्न, आणि तेही ती एकटी असेल तरच. दोन खोल्यांच्या एकत्र कुटुंबात हे किती अवघड, ते सांगायला नको. म्हणून मुलाखती घेणाऱ्या मुलींकडून प्रशिक्षणात सराव करून घेतात. एकजण बाई होते, एकजण सासू. सासू चहाचे कप घेऊन दारात आली, की चेहऱ्यावरची रेष न हलवता पुढचा प्रश्न विचारायचा : नळाला पाणी रोज किती वेळ येते?