काम संपलं, यान उरलं

मोहीम संपली तरी यान चालू असतं, मग त्याला दुसरीकडे का धाडू नये, हा विचार जुनाच. १९७८ मध्ये सौरवारा, म्हणजे सूर्याकडून वाहत येणारे कण, मोजायला सोडलेल्या आयएसईई-३ या यानाला चंद्राजवळून वळसे घालायला लावून १९८५ मध्ये जियाकोबिनी-झिनर धूमकेतूच्या शेपटीतून नेलं. शेवटच्या वळशाला ते चंद्रापासून जेमतेम १२० किलोमीटरवर होतं. पुढे ‘केप्लर’ या दुर्बीणवाहू यानाची चारपैकी दोन रिअॅक्शन व्हील (यानाचं तोंड वळवणारी फिरती चाकं) निकामी झाली, तेव्हा सूर्यप्रकाशाच्या दाबाचाच आधार घेऊन २०१४ पासून त्याच्याकडून नवं काम करून घेतलं.

खरी ओढाताण झाली ती २०१६ मध्ये नासाच्या ‘डॉन’ यानावरून. लघुग्रहपट्ट्यातले वेस्टा आणि सेरेस दोन्ही बघून झाले होते. मुख्य आयन इंजिनासाठी लागणारा झेनॉन वायू शिल्लक होता. चणचण होती छोट्या थ्रस्टरमध्ये जळणाऱ्या हायड्रॅझिन इंधनाची. ‘डॉन’चीही व्हील बिघडल्यामुळे यानाचं तोंड वळवायलाही तेच जाळावं लागे, आणि सेरेसच्या जितकं जवळ तितकं जास्त. म्हणून मोहिमेच्या चमूनेच प्रस्ताव दिला: सेरेस सोडू आणि मे २०१९ मध्ये अडिओना या लघुग्रहाजवळून जाऊ. नासाकडून नकार आला. सेरेस सूर्याच्या जवळ सरकत होता, तेव्हा तिथेच राहून बदल टिपणं एका धावत्या भेटीपेक्षा मोलाचं, असा निर्णय झाला. तिसरं जग बघण्याची संधी गेली म्हणून हळहळ झाली, पण २०१८ मध्ये ‘डॉन’ सेरेसपासून ३५ किलोमीटरपर्यंत खाली उतरलं आणि ऑकेटर विवरातल्या पांढऱ्या क्षारांचे फोटो आले. एवढ्या जवळून ते आधी कधीच दिसले नव्हते. त्यापुढे अडिओनाची घाईघाईतली भेट फिकीच पडली असती. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर हायड्रॅझिन संपलं.

आता तर उरलेल्या इंधनाचा हिशेब आधीपासूनच मांडतात. चांद्रयान-३ च्या प्रॉपल्शन मोड्यूलमध्ये (लँडरला चंद्रापर्यंत नेणाऱ्या भागात) शंभर किलोहून जास्त इंधन उरलं होतं. ते मोड्यूल २०२३ मध्ये चंद्राकडून पृथ्वीच्या कक्षेत परत आणलं. लघुग्रहाचे नमुने पृथ्वीवर टाकून पुढे गेलेलं जपानी यान ‘हायाबुसा-२’ २०३१ मध्ये १९९८ केवाय-२६ या चिमुकल्या लघुग्रहाशी पोचायचं आहे. बेन्नू लघुग्रहाचे नमुने देऊन झालेलं अमेरिकन यान ‘ओसायरिस-रेक्स’ २०२९ मध्ये अपोफिस हा लघुग्रह गाठणार आहे. यान धडधाकट, लक्ष्यही पृथ्वीच्या अगदी जवळून जाणारं, तरी २०२६ च्या अंदाजपत्रकाच्या प्रस्तावात त्याचा निधी बंद करायची सूचना होतीच.