पाहिले कोणी, कळले कोणाला: मध्ययुगीन व्हिडिओ गेममधील गुन्हा आणि शिक्षा

2011 साली आलेल्या ‘स्कायरिम’ या खेळात दुकानदाराच्या डोक्यावर बादली पालथी घातली, की त्याच्या समोर उभे राहून त्याचे दुकान धुऊन नेता येत असे. दुकानदार ओरडत नसे, हलत नसे, बादली काढूनही टाकत नसे. खेळाडूंनी हा प्रकार शोधून काढला आणि जगभर तो गाजला. पण गुन्ह्याची यंत्रणा आतून कशी चालते, हे समजून घ्यायला त्याच्याइतके चांगले उदाहरण नाही. खेळातील पात्राला आपल्यासारखे डोळे नसतात. त्याच्या डोक्यापासून आपल्या पात्रापर्यंत संगणक एक काल्पनिक सरळ रेषा ओढतो आणि त्या रेषेच्या आड भिंत, दार किंवा खांब येतो का, ते तपासतो. रेषा मोकळी असेल, आपण त्या पात्राच्या नजरेच्या कोनात असू आणि पुरेसा उजेड असेल, तर ‘पाहिले’ अशी नोंद होते. बादली ही संगणकाच्या लेखी एक भिंतच होती. चोरी झाली की नाही, हा प्रश्न तिथे कायद्याच्या आधी भूमितीचा असतो.

पाहिल्यानंतर पुढे काय, यावर मात्र खेळाखेळांत मोठा फरक पडतो. ‘स्कायरिम’मध्ये नऊ प्रांत आहेत आणि प्रत्येक प्रांतात आपल्या नावावर एक वेगळा आकडा चढतो: मारहाणीला 40 सुवर्णनाणी, खुनाला 1000. हा आकडा म्हणजेच तेथील सारा कायदा. साक्षीदाराने पाहिले की थोड्याच वेळात त्या प्रांतातील प्रत्येक पहारेकऱ्याला आपण गुन्हेगार असल्याचे कळलेले असते, मग तो डोंगरापलीकडच्या गावात का उभा असेना. दंड भरला किंवा तुरुंगात जाऊन आलो, की आकडा शून्य होतो आणि कालपर्यंत तलवार उपसणारा पहारेकरी आज वाट सोडून उभा राहतो. याहून चमत्कारिक गोष्ट म्हणजे शेवटचा साक्षीदार मारला गेला, तर चढलेला आकडा आपोआप उतरतो. त्यामुळे एक पाव चोरताना पाहणाऱ्या माणसाला ठार मारणे हे हिशेबाने फायद्याचे ठरते. ज्या यंत्रणेने गुन्हा रोखायचा, तीच मोठ्या गुन्ह्याला बक्षीस देते.

असे करण्यामागे निर्मात्यांचा आळस नसतो. एखाद्या नगरात शंभर पात्रे असली आणि खेळाडूने पन्नास लहानमोठे गुन्हे केले, तर कोणाला काय ठाऊक आहे याच्याच पाच हजार नोंदी होतात. शिवाय एकाने दुसऱ्याला सांगितलेले वेगळे. त्याच वेळी संगणकाला उजेड, सावल्या, घोडे, पाऊस हे सगळे सांभाळायचे असते. एक आकडा साठवणे त्या मानाने फारच स्वस्त पडते.

प्राग येथील वॉरहॉर्स स्टुडिओज या संस्थेने 2018 साली ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’ हा खेळ आणला, तेव्हा तिने ही महागडी वाट धरली. हा खेळ 1403 सालच्या बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात घडतो. राजा चौथा वेन्सेस्लाऊस आपला सावत्र भाऊ सिगिस्मंड याच्या कैदेत आहे, राज्यात बेबंदशाही माजली आहे, आणि नायक हेन्री हा एका लोहाराचा मुलगा आहे. येथे न जादू आहे, न राक्षस. येथे रात्री मशालीशिवाय गावातून फिरले, तरी पहारेकरी हटकतो. तो झडती घेतो आणि चोरीचा मुद्देमाल सापडला, तर जप्त करतो. चोरलेल्या वस्तूवर चोरीची खूण असते; ती काळ लोटेल तशी पुसली जाते. तोवर सरळमार्गी व्यापारी तिला हात लावत नाहीत आणि खेळाडूला गुपचूप माल घेणाऱ्या पिठाच्या गिरणीवाल्याचे दार ठोठवावे लागते. प्रत्येक गावात आपली पत वेगळी मोजली जाते. एका गावात ती घसरली, तर तिथला दुकानदार भाव चढवतो, पण शेजारच्या गावाला त्याचे सोयरसुतक नसते.

फेब्रुवारी 2025 मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात ही कल्पना आणखी पुढे गेली, आणि माझ्या मते या विषयातील सर्वांत मोलाचे पाऊल तेच आहे. येथे चोरी करताना कोणी पाहिलेच पाहिजे, अशी अट उरलेली नाही. आपण दुपारी दुकानात रेंगाळलो, रात्री तेथून माल नाहीसा झाला आणि सकाळी मालकाच्या ध्यानात आले, तर तो आदल्या दिवशी कोण घुटमळत होते ते आठवतो आणि संशय आपल्यावर येतो. या पात्राच्या ठायी स्मृती आहे आणि त्या स्मृतीवरून अनुमान काढण्याची एक साधीशी रीत आहे. खेळाडूच्या वागण्यावर याचा होणारा परिणाम मी स्वतः अनुभवला आहे: चोरीच्या आधी कोणत्या वाटेने जावे, कोणाच्या नजरेस पडू नये, भडक कपडे घालावेत की नाहीत, याचा विचार मी करू लागलो. दिवसाउजेडी मोकळ्या रस्त्याने चालतानाही मनात धाकधूक असायची.

शिक्षाही पालटल्या. पहिल्या भागात दंड किंवा काही दिवसांची कोठडी एवढेच होते. दुसऱ्यात खोड्यात अडकवणे, छड्या मारणे, डाग देणे आणि मृत्युदंड अशी चढती पायरी आहे. कथेच्या आरंभीच हेन्री आणि त्याचा धनी हान्स कॅपॉन हे दारूच्या गुत्त्यात मारामारी करून ट्रोस्कोविट्झ गावाच्या खोड्यात अडकतात. मान आणि मनगटे फळीत, समोर हसणारे गावकरी.

हे इतिहासाला धरून आहे. मध्ययुगीन युरोपात कैद ही सहसा शिक्षा नव्हती. खटला होईपर्यंत किंवा कर्ज फिटेपर्यंत माणसाला अडकवून ठेवण्याची ती सोय होती. महिनोन् महिने कैद्याला पोसणे नगराला परवडत नसे. पोलीस दलही नव्हते. इंग्लंडमध्ये 1285 सालच्या विंचेस्टरच्या कायद्याने, गुन्हा दिसताच हाकाटी करून चोराचा पाठलाग करण्याची जबाबदारी गावावरच टाकली होती. अशा समाजात शिक्षा म्हणजे बातमी पसरवण्याचे साधन असते. खोड्यातला चेहरा बाजाराच्या दिवशी शेकडो लोक पाहतात आणि लक्षात ठेवतात. छायाचित्र नसलेल्या काळात कातडीवरचा डाग म्हणजे गुन्हेगाराने स्वतःच्या अंगावर वागवलेली नोंदवही होती. परगावच्या न्यायाधीशालाही ती वाचता येत असे. दुसऱ्या भागात डाग असलेल्या हेन्रीशी लोक तुटकपणे वागतात आणि पुन्हा गुन्हा केल्यास त्याच्या जिवावर बेतते. येथे खेळाचा नियम आणि इतिहासातील कारण एकच आहे.

चेझारे बेकारिया या इटालियन विचारवंताने 1764 साली मांडले, की गुन्ह्याला वचक बसतो तो शिक्षेच्या क्रौर्यामुळे नव्हे, तर ती हमखास होणार या खात्रीमुळे. व्हिडिओ गेममध्ये ही खात्री मोडणारी एक चोरवाट जन्मतःच असते: पकडले गेलो, तर मागचा जतन केलेला टप्पा उघडायचा आणि जणू काही घडलेच नाही असे पुढे जायचे. अमर्याद जतन करण्याची मुभा असेल, तर मृत्युदंडही पोकळ ठरतो. म्हणूनच ‘किंगडम कम’मध्ये हवे तेव्हा खेळ जतन करायचा, तर ‘सेव्हियर श्नॅप्स’ नावाचे मद्य प्यावे लागते. ते विकत घ्यावे लागते किंवा वनस्पती गोळा करून गाळावे लागते. एरवी आपल्या बिछान्यात झोपले, की खेळ जतन होतो. अनेक खेळाडूंनी यावर नाराजी व्यक्त केली, आणि बाहेर पडताना आपोआप जतन होण्याची सोय नंतर दिली गेली. तरीही ही बाटली न्याययंत्रणेचाच भाग आहे असे मला वाटते, कारण कुलूप फोडण्यापूर्वी आपण शेवटचे कधी झोपलो होतो, हे आठवावे लागते.

एक गोष्ट मात्र या सर्व खेळांतून निसटली आहे, आणि ती मला खटकते. दंड पहारेकऱ्याच्या हाती जातो. ज्याचे नुकसान झाले, त्याला काय हवे हे कोणी विचारत नाही. खऱ्या मध्ययुगात, मध्य युरोपातील पुष्कळ मनुष्यवधांची प्रकरणे मृताच्या नातलगांशी तडजोड करून मिटत असत. मारणाऱ्याने भरपाई द्यायची, मृताच्या आत्म्यासाठी प्रार्थना करवायची आणि कित्येकदा दगडी क्रूस उभारायचा. असे समेटाचे क्रूस चेक आणि जर्मन प्रदेशांत शेताच्या बांधावर, रस्त्याच्या कडेला आजही उभे आहेत. काहींवर कुऱ्हाड किंवा तलवार कोरलेली आहे. ‘किंगडम कम’च्या पहिल्या भागाच्या नकाशावर ते दिसतात. निर्मात्यांनी दगड अचूक मांडले आहेत. पण हेन्रीच्या हातून कोणी मेले, तर मृताच्या भावासमोर बसून भरपाई ठरवण्याची सोय अजून त्यात नाही.