ट्वीटवरून चलनाचा कल: एका पद्धतीची पार्श्वभूमी

समाजमाध्यमांवरील मजकुरातून लोकांचा कल मोजून चलनांची खरेदी-विक्री करणे आता नवलाचे राहिलेले नाही. मात्र ही पद्धत चलनबाजारात जन्मलेली नाही. ती शेअर बाजारातून उसनी आली आणि तिच्या बऱ्याचशा अडचणींचे मूळ या उसनवारीतच आहे.

संशोधक पॉल टेटलॉक यांनी 2007 मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’च्या एका नियमित स्तंभातील निराशेचा सूर मोजून त्याचा शेअरच्या भावांशी संबंध दाखवला. त्यासाठी वापरलेली, शब्दांची सकारात्मक-नकारात्मक अशी वर्गवारी करणारी हार्वर्डची शब्दसूची मानसशास्त्राच्या अभ्यासासाठी तयार झालेली होती. कर, खर्च, दायित्व हे ताळेबंदातले रोजचे शब्द तिच्या लेखी नकारात्मक ठरत, म्हणून लॉफ्रन आणि मॅकडॉनल्ड या संशोधकांनी 2011 मध्ये खास वित्तीय मजकुरासाठी वेगळी सूची बांधली.

दरम्यान, इंडियाना विद्यापीठातील योहान बोलेन आणि सहकाऱ्यांनी 2008 मधील सुमारे 98 लाख ट्वीट तपासून, त्यांतील ‘शांतपणा’ मोजल्यास अमेरिकी शेअर बाजाराच्या डाऊ जोन्स निर्देशांकाची पुढील दिशा सुमारे 87 टक्के वेळा सांगता येते, असा दावा केला. या आकड्याची जगभर चर्चा झाली. पण तो 1 ते 19 डिसेंबर 2008 एवढ्याच काळातील चाचणीचा होता, याकडे फारसे कुणी पाहिले नाही. त्याच संशोधनाच्या आधारे लंडनच्या डरवेंट कॅपिटल मार्केट्सने 2011 मध्ये फंड काढला. तो फार काळ टिकला नाही.

शेअरसाठी बेतलेले हे गणित चलनाला सरळ लागू पडत नाही, कारण चलनाचा भाव नेहमी दुसऱ्या चलनाच्या तुलनेतच ठरतो. युरोबद्दल निराशा वाढली, पण त्याच वेळी डॉलरबद्दल ती अधिक वाढली, तर युरो चढूही शकतो. शिवाय या बाजारातील मोठे व्यवहार बँका, निर्यातदार आणि मध्यवर्ती बँका करतात, आणि त्या आपले मन ट्विटरवर (आताच्या ‘एक्स’वर) मोकळे करत नाहीत.

त्यामुळे चलनबाजारात गर्दीच्या सुरापेक्षा बोलणारा कोण, याला महत्त्व आले. 23 एप्रिल 2013 रोजी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या हॅक झालेल्या खात्यावरून व्हाइट हाऊसमध्ये स्फोट झाल्याचे खोटे ट्वीट आले, तेव्हा काही मिनिटांत डाऊ सुमारे 140 अंकांनी कोसळून सावरला, आणि डॉलरही येनच्या तुलनेत क्षणभर घसरला. 10 ऑगस्ट 2018 रोजी ट्रम्प यांनी तुर्कस्तानच्या पोलाद आणि ॲल्युमिनियमवरील आयातशुल्क दुप्पट करत असल्याचे ट्विटरवर जाहीर केले. आधीच घसरत असलेले तिथले चलन लिरा त्या दिवशी 14 टक्क्यांच्या आसपास पडले. त्याची झळ मुंबईपर्यंत पोहोचली आणि 14 ऑगस्टला रुपयाने डॉलरमागे 70 ची पातळी प्रथमच ओलांडली. मे 2019 मध्ये मेक्सिकोच्या मालावर 5 टक्के शुल्काची घोषणाही ट्वीटमधूनच झाली आणि पेसो लगेच पडला. यातले काहीही जनभावना मोजून आधी कळण्यासारखे नव्हते. संगणकाला फक्त ते ट्वीट इतरांच्या आधी वाचता येणार होते.

फेब्रुवारी 2023 मध्ये ट्विटरने आपली विदा (डेटा) फुकट देणे थांबवण्याची घोषणा केली. त्यानंतर मोठ्या प्रमाणावर ट्वीट गोळा करणे विद्यापीठांतील संशोधकांच्या आवाक्याबाहेर गेले. मोठे शुल्क भरू शकणाऱ्या संस्थांना मात्र ती वाट खुली राहिली.