अपस्मार

मेंदूतील चेतापेशींच्या विद्युत क्रियेत अचानक उसळी येऊन वारंवार झटके येण्याचा विकार. बोलीभाषेत त्याला फेफरे, मिरगी, आकडी किंवा नुसते ‘फिट येणे’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा विकार आहे. एखादाच झटका आला म्हणजे अपस्मार झाला असे नव्हे. तापात लहान मुलाला येणारी आकडी किंवा रक्तातील साखर एकदम उतरल्याने आलेला झटका यात धरत नाहीत. तात्कालिक कारण नसताना, २४ तासांहून अधिक अंतराने दोन झटके आले की निदान सहसा पक्के होते.

सर्वांना माहीत असतो तो मोठा झटका : किंचाळून कोसळणे, अंग ताठणे, हातपाय झाडणे, जीभ चावली जाणे, मग बराच वेळ गुंगी. पण पुष्कळ झटक्यांत माणूस पडतही नाही. वर्गात एखादे मूल काही सेकंद शून्यात पाहते, हाकेला ओ देत नाही आणि लगेच पुन्हा लिहू लागते. शेरा मात्र ‘लक्ष नसते’ असा मिळतो. कोणाला पोटातून काहीतरी वर सरकल्यासारखे वाटते, नसलेला वास येतो, मग तो भान हरपून ओठ चाटत, बटणे चाळवत राहतो. घरचे याला बाहेरची बाधा समजतात. किशोरवयात सकाळी उठल्यावर हाताला हिसका बसून चहाचा कप उडतो, तोही अपस्माराचा एक प्रकार असू शकतो.

निदानात सर्वांत मोलाची असते ती झटका पाहणाऱ्याची साक्ष. रुग्णाला बहुधा काहीच आठवत नाही. म्हणून नातेवाइकांनी मोबाइलवर केलेले चित्रण डॉक्टरांच्या फार उपयोगी पडते. साधी घेरी झटक्याहून वेगळी ओळखता येते : तीत आधी डोळ्यांपुढे अंधारी येते, घाम फुटतो आणि आडवे झाल्यावर माणूस पटकन शुद्धीवर येतो. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूचा विद्युत आलेख प्रथम नोंदवला. हा ईईजी निदानाला आधार देतो, पण तो निर्दोष आला म्हणून अपस्मार नाही असे ठरत नाही. एमआरआय कारण शोधण्यासाठी काढतात.

कारणांत जन्मावेळी मेंदूला झालेली इजा, डोक्याला मार, पक्षाघात, मेंदूतील गाठ व आनुवंशिकता येतात. भारतात डुकरातील पट्टकृमीच्या अळीचे मेंदूतील कोश हे एक महत्त्वाचे कारण आहे. या कृमीची अंडी मानवी विष्ठेने दूषित झालेले पाणी व कच्च्या भाज्यांतून पोटात जातात, त्यामुळे मांसाला कधी न शिवलेल्यालाही हा रोग होतो. स्कॅनमधील अशी छोटी गाठ पूर्वी सर्रास क्षयाची समजली जाई. त्यांतील बहुतेक गाठी कृमीच्या असतात, हे दाखवण्यात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील संशोधनाचा मोठा वाटा आहे.

झटका आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवण्याची रीत अजून सुटलेली नाही. झटका बहुधा एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतो. श्रेय कांद्याला जाते. माणसाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, दातांत चमचा घालू नये, पाणी पाजू नये. पाच मिनिटांत झटका थांबला नाही किंवा शुद्ध येण्याआधी दुसरा आला, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा डॉक्टर अशा वेळेसाठी घरी देऊन ठेवतात.

औषधोपचाराची सुरुवात १८५७ मध्ये ब्रोमाइडने झाली. १९१२ मध्ये फेनोबार्बिटल आणि १९३८ मध्ये फेनिटोइन आले. योग्य उपचाराने सुमारे ७० टक्के रुग्णांचे झटके थांबू शकतात. औषध प्रकारानुसार निवडावे लागते : हिसक्यांच्या अपस्मारात कार्बामाझेपिनने त्रास वाढू शकतो, तर व्हॅल्प्रोएटमुळे गर्भात व्यंगाचा धोका असतो. झटके थांबल्यावर गोळ्या मनाने सोडणे, हे ते उलटण्याचे नेहमीचे कारण. दोन योग्य औषधे अपुरी पडल्यास निवडक रुग्णांत शस्त्रक्रिया करतात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत त्यासाठी खास केंद्र आहे.

लग्न जमवताना आजार लपवला जातो, सासरी गोळ्या लपवाव्या लागतात, डोस चुकतात आणि झटका येतो. कायदाही बरीच वर्षे अशा रुग्णांच्या विरोधात होता. हिंदू विवाह कायद्यातील विवाहाच्या अटींमधून अपस्माराचा उल्लेख १९९९ च्या दुरुस्तीने वगळण्यात आला.