अमेरिकेतला मतदार आणि त्याचा गोतावळा

१९४०च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ईरी काउंटीत मुलाखतकार घरोघर फिरू लागले. नोव्हेंबरात अध्यक्षपदासाठी फ्रँकलिन रूझवेल्ट आणि वेंडेल विल्की यांची लढत व्हायची होती. पॉल लाझार्सफेल्ड, बर्नार्ड बेरेल्सन आणि हेझेल गॉडेट या संशोधकांनी सुमारे ६०० मतदार निवडले आणि त्याच माणसांना मतदान होईपर्यंत पुन्हा पुन्हा गाठून विचारले, मत कोणाला देणार? लाझार्सफेल्ड मूळचे व्हिएन्नाचे. रेडिओचा श्रोत्यांवर काय परिणाम होतो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. तेव्हा भाषणांनी आणि वर्तमानपत्रांनी मते कशी फिरतात, ते इथे टिपता येईल अशी अपेक्षा होती.

मते फारशी फिरलीच नाहीत. एवढ्या महिन्यांच्या धामधुमीत एक पक्ष सोडून पुरते दुसऱ्याकडे गेलेले निघाले जेमतेम ८ टक्के. उलट माणूस प्रोटेस्टंट की कॅथलिक, सुखवस्तू की हातावर पोट असलेला, शहरातला की खेड्यातला, एवढे कळले तरी त्याच्या मताचा बराचसा अंदाज बांधता येई. सुखवस्तू, ग्रामीण प्रोटेस्टंट बहुधा रिपब्लिकन. शहरातला कॅथलिक कामगार बहुधा डेमोक्रॅट. एका घरातली मतेही सहसा एकाच पारड्यात पडत. रेडिओवरचे भाषण अनेकांपर्यंत थेट पोचतच नव्हते. राजकारणात रस असलेला एखादा मित्र, शेजारी किंवा कामावरचा सोबती ते ऐके आणि त्याच्या तोंडून ते इतरांना कळे.

मला मात्र या पाहणीतली सर्वांत मोलाची माणसे वाटतात ती अंदाजात न बसणारी. एखादा श्रीमंत कॅथलिक घ्या. चर्चमधली मंडळी डेमोक्रॅट, धंद्यातले मित्र रिपब्लिकन. असा दोन्हीकडून ओढला जाणारा मतदार निर्णय लांबणीवर टाकी. काहींचा तर निवडणुकीतला रसच आटून जाई. कुंपणावरचे म्हणून त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. पण १९४८च्या निवडणुकीत न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा इथे केलेल्या पुढच्या पाहणीनंतर बेरेल्सन यांनी वेगळा विचार मांडला. सगळेच मतदार कट्टर झाले तर तडजोडीला जागाच उरणार नाही. लोकशाहीला लागणारा लवचीकपणा याच मंडळींमुळे टिकतो. मला हे मनापासून पटते.

आसपासच्या माणसांचा हा जोर प्रयोगातूनही मोजला गेला आहे. अमेरिकेत मत गुप्त असते, पण तुम्ही मतदान केले की नाही, याची नोंद सार्वजनिक असते. २००६च्या ऑगस्टमध्ये मिशिगन राज्यातल्या प्राथमिक, म्हणजे पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीआधी संशोधकांनी हजारो घरांना पत्रे पाठवली. काही पत्रांत त्या घराने आणि शेजाऱ्यांनी मागच्या वेळी मतदान केले होते का, ते छापले होते. निवडणुकीनंतर नवी यादी धाडू, असेही लिहिले होते. पत्र न मिळालेल्यांत सुमारे ३० टक्के मतदान झाले, ही यादी मिळालेल्यांत सुमारे ३८ टक्के.

दोन्हीकडून ओढले जाणारे मतदार मात्र पुढच्या दशकांत कमी होत गेले. वंशभेदाला बंदी घालणाऱ्या १९६४च्या नागरी हक्क कायद्यानंतर दक्षिणेतले गोरे मतदार हळूहळू डेमोक्रॅटिक पक्षातून बाहेर पडले, तर कृष्णवर्णीय मतदार त्या पक्षात जवळपास एकवटले. १९८०च्या सुमारास गोरे इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलला सर्वोच्च मानणारे प्रोटेस्टंट ख्रिस्ती रिपब्लिकनांकडे सरकले. आज वंश, धर्म, राहण्याचे ठिकाण आणि पक्ष ही सगळी ओळख एकाच रांगेत येऊन बसते. राज्यशास्त्रज्ञ लिलियाना मेसन यांचा निष्कर्ष असा की ती अशी जुळली की धोरणांवरचे मतभेद फार मोठे नसले तरी समोरच्याविषयीचा राग वाढतो. मला यातली ही गोष्ट सर्वांत चिंतेची वाटते, कारण धोरणावर वाटाघाट करता येते, ओळखीवर करता येत नाही.

आपल्या मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या घरात लग्न केले तर वाईट वाटेल का, असे १९६०मध्ये विचारले तेव्हा दोन्ही पक्षांच्या समर्थकांपैकी जेमतेम ५ टक्के हो म्हणाले होते. २०१०मध्ये हो म्हणणारे रिपब्लिकनांत जवळजवळ निम्मे होते, डेमोक्रॅटांत एक तृतीयांश. हे आकडे वाचून धसका बसतो, पण पुढे राज्यशास्त्रज्ञ समारा क्लार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न जरा बदलून विचारला. सून किंवा जावई दुसऱ्या पक्षाचे आहेत, पण राजकारणावर क्वचितच बोलतात, असे सांगितल्यावर नाराजांची संख्या बरीच घटली. आणि सतत राजकारणावरच बोलणारा जावई आपल्याच पक्षाचा असला, तरी पुष्कळांना तो नको होता.